जलाशयातलं बेट, नदी सुरयांची वसाहत आणि कॅमेरे: सीमाभागातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, गोकाक या पट्ट्याला समुद्र नाही. इथली पाणथळ म्हणजे बहुतेक माणसानं अडवलेलं पाणी. राकसकोप, हिडकल, धुपदाळचा बंधारा, सौंदत्तीजवळचं नविलतीर्थ आणि गावोगावची तळी. यातल्या धुपदाळच्या फुगवट्याला १९७४ साली घटप्रभा पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. साधारण ३० चौरस किलोमीटरचा हा परिसर हिवाळी कांड्या करकोच्यांसाठी आणि पांढऱ्या करकोच्यांसाठी ओळखला जातो. बाकीच्या पाण्यांना असं संरक्षण नाही. ती पाटबंधारे खात्याची, मासेमारीच्या ठेक्याची आणि उन्हाळ्यात गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांची असतात. पक्षी त्यात आपली जागा आपणच शोधतात.

हे प्रकरण अशाच एका जलाशयाचं आणि तिथल्या बेटावर घरटी करणाऱ्या नदी सुरय या पक्ष्यांचं आहे. जलाशयाचं, गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदलले आहेत. का, ते पुढे कळेलच. मी या गटाबरोबर फिरतो आणि त्या हंगामाच्या नोंदी माझ्याकडे होत्या, म्हणून लिहितो आहे.

गट शहरातलाच. एक माध्यमिक शिक्षक, एक औषध दुकानदार, बँकेतल्या एक बाई आणि कॉलेजात शिकणारी दोन मुलं. आपल्याकडच्या अनेक छायाचित्रकारांप्रमाणे यांनीही पाणथळीचे फोटो काढायला शिकलं ते घाट उतरून. चोर्ला उतरला की गोव्यातलं चोडण बेट, तिथलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. कारवारला काळी नदीचं मुख. त्याच्याही खाली कुमट्याजवळ अघनाशिनीची खाडी, जी २०२४ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली.

खाडीच्या चिखलात एक गोष्ट पक्की अंगात भिनते. तिथं चालून पक्ष्यापर्यंत जायचं नसतं. भरतीच्या दीड-दोन तास आधी जागा धरून आडवं पडायचं. पाणी चढतं, उघडा चिखल आक्रसतो आणि तुतवार, चिखले किडे टिपत टिपत आपोआप तुमच्याकडे सरकतात. तुम्ही हलला नाहीत तर दहा पावलांवर येऊन चरतात. चुकून एखादा थवा उठलाच तर तो जवळच्या दुसऱ्या पट्ट्यावर जाऊन उतरतो. हे नुकसान किरकोळ नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये हे पक्षी उत्तरेच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतात, आणि प्रत्येक अनावश्यक उड्डाण त्यातून वजा होतं. पण निदान त्याला जायला दुसरी जागा असते.

जलाशयाचं गणित उलटं आहे. इथं भरती-ओहोटी नाही, एकच लांबलचक ओहोटी आहे आणि ती जानेवारीपासून पाऊस लागेपर्यंत चालते. रोज काठ थोडा मागे जातो. मार्चअखेरीस मधले उंचवटे बेटांसारखे वर येतात. नेमक्या याच वेळी नदी सुरय, छोट्या पाणभिंगऱ्या, कंठेरी चिखले आणि टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे जमिनीतला नखभर खळगा. हा पक्षी उठवला तर त्याला दुसरीकडे जाता येत नाही, कारण अंडी तिथंच असतात. खाडीवर शिकलेला संयम इथं कामाचा आहे. पण ‘उठला तर उठला, पुन्हा बसेल’ हा खाडीवरचा दिलासा इथं लागू होत नाही. या प्रकरणातली बरीचशी गुंतागुंत या एका फरकातून आली.

अडचण कशी उभी राहिली

एप्रिलच्या सुरुवातीला कॉलेजातल्या एका मुलाला काठापासून थोडं आत एक लांबट बेट दिसलं. त्यावर नदी सुरयांची वसाहत, अंदाजे तीसेक जोड्या, आणि खालच्या उतारावर पाणभिंगऱ्या. नदी सुरय आता जागतिक पातळीवर असुरक्षित जातींत गणला जातो. नद्यांच्या वाळूच्या पट्ट्यांवर त्याचं प्रजनन कठीण होत गेलं आहे, त्यामुळे जलाशयातली अशी बेटं मोलाची.

मुलानं काठावरूनच फोटो काढले आणि त्यातला एक समाजमाध्यमावर टाकला. नर सुरय चोचीत मासा धरून मादीसमोर उभा, मागे संध्याकाळची टेकडी. जागेचं नाव त्यानं लिहिलं नव्हतं, फोटोतली स्थळाची माहितीही काढून टाकली होती. पण टेकडीवर मोबाईलचा मनोरा होता आणि तिच्या पायथ्याशी देवळाचं शिखर. त्या रस्त्यानं रोज एसटीनं ये-जा करणाऱ्याला एवढं पुरेसं होतं. दोन दिवसांत ‘ही अमुक गावची टेकडी ना?’ अशी विचारणा आली आणि त्याखाली तिसऱ्याच कुणीतरी रस्ता समजावून सांगितला.

पुढच्या रविवारी कोरड्या पात्रात चारचाकी उतरल्या. काठ आणि बेट यांच्या मधलं पाणी तोवर गुडघ्याएवढं राहिलं होतं, काही जण ते ओलांडून पलीकडे गेले. एकानं ड्रोन उडवला. सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्करी आस्थापनं यांमुळे बेळगावच्या आसपास ड्रोन उडवायला मुळातच मर्यादा आहेत. त्या या गावापर्यंत पोचतात की नाही हा वेगळा प्रश्न, पण वसाहतीवर घारीसारखी घिरट्या घालणारी वस्तू आली की सगळे सुरय एकदम उठतात, हे तिथं हजर असलेल्या प्रत्येकानं पाहिलं.

उठणं एवढं गंभीर का, हे सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी उघड्या मातीवर हात टेकवत नाही. अंड्यातला गर्भ ४०-४१ अंशांच्या वर फार वेळ तग धरत नाही. म्हणून उन्हाळ्यात ही पाखरं अंडी ‘उबवत’ बसलेली दिसतात तेव्हा खरं तर ती सावली धरून बसलेली असतात. सुरय आणि पाणभिंगरी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. दुर्बिणीतून हे नीट दिसतं. पक्षी पाण्यावर पोट टेकवतो, उडतो, घरट्याशी उतरतो, अंग थोडं पसरतो आणि पोटाखालून थेंब मातीवर पडतात. भर अकराला ही पाखरं अर्धा तास हवेत राहिली तर त्या अर्ध्या तासात काय होतं, याची कल्पना यावी. शिवाय कावळे वाट बघत असतातच.

सोमवारी सकाळी शिक्षक आणि मी काठावरच्या टायरच्या खुणा बघत गेलो. मुख्य बेटावर नाही, अलीकडच्या सपाट गाळावर. म्हशीच्या खुराचा एक वाळलेला ठसा होता आणि त्यात पाणभिंगरीची दोन अंडी, मातीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. टायरची चाकोरी त्या ठशाच्या कडेवरून गेली होती. अंडी शाबूत होती. तिथून तीन पावलांवरच्या दुसऱ्या खळग्यात नुसता पिवळा डाग होता.

आणि गाड्या आत आल्या होत्या त्या एका शेतकऱ्याच्या भुईमुगातून. या काकांना गावात सगळे आप्पा म्हणतात. पाणी उतरलं की ते गाळपेर करतात. भुईमूग, थोडा मका, काकडीचे वेल. रविवारी त्यांनी एक गाडी अडवली होती आणि शब्दाला शब्द वाढला होता. आम्ही भेटलो तेव्हा ते म्हणाले, “पाखरं बघा की, नको कोण म्हणतंय? पण वाट माझ्या भुईमुगातनंच काय म्हणून?”

समोरचे पर्याय

त्या आठवड्यात शिक्षकांच्या घरी बैठक झाली. ती शांत नव्हती.

पहिला सूर होता गप्प बसण्याचा. फोटो काढून टाकायचा, आपण जायचं थांबवायचं, आठ दिवसांत लोक विसरतील. कॉलेजातल्या मुलाला हेच पटत होतं. तो हादरला होता आणि त्याला प्रकरण मिटलेलं हवं होतं. पण रस्ता एकदा लोकांना कळला की फोटो काढून टाकल्यानं तो पुसला जात नाही. आपण न जाण्याचा अर्थ एवढाच, की तिथं जाणाऱ्यांत पाखरांबद्दल काही ठाऊक असलेलं कुणीच उरणार नाही.

दुसरा मार्ग वनखात्याचा. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं, त्यामुळे कायद्याचा आधार भक्कम होता. अडचण अंमलबजावणीची. ही जागा अभयारण्य नव्हे. पात्र पाटबंधारे खात्याचं, पाण्यातला मासा ठेकेदाराचा, गाळपेर शेतकऱ्याची. आणि बँकेतल्या बाईंनी एक रास्त शंका काढली. खात्यानं पाहणी केली, बातमी छापून आली, की जागेचा बोभाटा आणखी वाढणार.

तिसरा पर्याय संपूर्ण बंदीचा, पिल्लं उडेपर्यंत काठावर कुणीच कॅमेरा आणायचा नाही. हा औषध दुकानदारांचा आग्रह. सुरयाची अंडी उबवायला साधारण तीन आठवडे आणि पिल्लू उडायला आणखी तीन-चार. म्हणजे मेअखेरपर्यंत थांबायचं. तत्त्व म्हणून ते निर्दोष होतं. पण आपण आपल्यावर घातलेली बंदी गोकाकहून किंवा कोल्हापूरहून येणाऱ्याला कशी लागू करणार?

चौथा शिक्षकांचा. काठावर एकच ठरावीक जागा, ठरावीक वेळ आणि तिथं गावातला एक माणूस. बघायचं ते तिथून, पुढं पाऊल नाही. यावर दुकानदार चिडले होते. त्यांच्या मते ही पळवाट होती, फोटो काढायचा मोह सोडवत नाही म्हणून काढलेली.

वाद सुटला तो फोटोग्राफीच्याच एका मुद्द्यावर. उघड्या गाळावर सकाळी साडेआठ-नऊनंतर तापलेल्या हवेची थरथर सुरू होते. सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून बेटावरचा पक्षी थरथरत्या पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. कितीही महाग लेन्स असो, पिसांचा तपशील येत नाही. म्हणजे ज्या वेळात पक्षी उठवणं सर्वांत घातक, त्या वेळात चांगला फोटो मिळतच नाही. नऊ ते साडेपाच काठ बंद ठेवला तर छायाचित्रकाराचं काहीही जात नाही. हे मांडल्यावर दुकानदारही नरमले, पण त्यांनी अट घातली. बेटावर पाय नाही, आणि घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो गटातल्या कुणीही, कधीही प्रसिद्ध करायचा नाही. ती मान्य झाली.

म्हणजे चौथा पर्याय, तिसऱ्यातली अट घेऊन, आणि वनखात्याला लेखी माहिती देऊन, पण वृत्तपत्राला न कळवता. माझ्या मते योग्य निर्णय तोच होता. तो चार दिवस आधी व्हायला हवा होता, एवढंच.

काय केलं

आधी आप्पा. गटाला पहिल्यांदा वाटलं होतं की त्यांना ‘समजावून सांगायचं’. प्रत्यक्षात समजून घ्यायचं काम आमचंच होतं. पाणी कुठल्या आठवड्यात कुठवर उतरतं, बेट काठाला नेमकं कुठं जोडलं जाणार, वस्तीवरची कुत्री कुठल्या वाटेनं येतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. जिथं आम्हाला पाणी दिसत होतं तिथं बोट दाखवून ते म्हणाले, दहा-बारा दिवसांत इथं बेट काठाला जोडणारी मान उघडी पडेल, आणि मग कुत्र्यांना अडवायला काही नाही. तसंच झालं. त्यांचा पुतण्या राखणीला राहिला. गटानं वर्गणी काढून त्याची मजुरी ठरवली आणि तुडवलेल्या भुईमुगाची भरपाईही दिली. गाड्या डांबरी रस्त्यालाच थांबतील, तिथून बांधावरून चालत यायचं, असं ठरलं. पात्रात शिरायच्या जागी दोन मोठे दगड आडवे टाकले. चारचाकी रोखायला पोलिसापेक्षा त्यांचाच जास्त उपयोग झाला.

मासेमार दुपारी जेवायला बेटावर उतरत आणि तिथंच जाळी वाळत घालत. नायलॉनच्या जाळ्यात पिल्लाचा पाय अडकला की संपलं. ठेकेदाराच्या मुकादमाशी बोलल्यावर त्यांनी पूर्वेकडच्या काठावरची बाभळीची सावली धरली. या एका गोष्टीला फक्त पाच मिनिटं लागली. आधीच विचारलं असतं तर महिन्याभरापूर्वीच झाली असती.

मानेवर काय करायचं, हा खरा पेच. एक सूचना होती जेसीबीनं चर मारून बेट पुन्हा वेगळं करण्याची. ती सोडून दिली. जलाशयाच्या पात्रात परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही, परवानगीला वेळ लागतो, ओला गाळ ढासळून चर बुजतो, आणि वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर यंत्र चालवणं म्हणजे रोग परवडला पण औषध नको. त्याऐवजी बाभळीच्या काट्यांचं कुंपण मानेवर आडवं घातलं, दोन्ही टोकं पाण्यात सोडून. काम पहाटे उजाडताना, तीन माणसांनी, न बोलता. पण पाणी रोज मागे जात होतं, त्यामुळे कुंपणाची टोकं रोज थोडी उघडी पडत. दर दोन-तीन दिवसांनी दोन्ही बाजूंना काटे वाढवावे लागत. हे काम कुणाच्या फोटोत येत नाही, पण हंगामातली सर्वांत जास्त मेहनत त्यातच गेली.

बघायची जागा कशी ठरवली, ते नीट सांगतो, कारण इतरांना उपयोगी पडेल. शिक्षक एकटे, सकाळी, थांबत थांबत काठानं पुढे गेले आणि मी दुर्बिणीतून बसलेले सुरय पाहत राहिलो. उडण्याच्या बऱ्याच आधी पक्षी कळवतो. बसलेला असतो तो मान ताठ करतो, मग उभा राहतो, मग एक-दोन जण ओरडत वर येतात. पहिली मान ताठ झाली तिथं खूण केली आणि त्या अंतरात निम्म्याची भर घालून जागा निश्चित केली. बेटापासून जवळपास दीडशे मीटर आलं. आकडा महत्त्वाचा नाही, प्रत्येक वसाहतीचा वेगळा येईल. पक्ष्याकडून तो विचारून घ्यायचा.

दीडशे मीटरवरून सहाशेच्या लेन्सनं फुल-फ्रेम कॅमेऱ्यात साधारण नऊ मीटर रुंदीचा पट्टा मावतो. पंख पसरलेला सुरय ऐंशी-पंच्याऐंशी सेंटीमीटर, म्हणजे चौकटीचा जेमतेम दहावा हिस्सा. घरट्याचा जवळचा फोटो तिथून शक्यच नव्हता, आणि नियम टिकायला याचीच मदत झाली. पण जागा बेटाच्या पश्चिमेला होती, आणि ही निवड फार चांगली ठरली. मे महिन्यात बेळगावकडे दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. पक्षी वाऱ्याला तोंड करून उडतात, उतरतात. संध्याकाळी सूर्यही पश्चिमेला. म्हणजे साडेपाचनंतर या जागी उभं राहिलं की ऊन आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी आणि प्रत्येक सुरय तुमच्याकडे तोंड करून, चोचीवर प्रकाश घेऊन येतो. मासे धरायला ते काठालगत वीस-तीस मीटरवर घिरट्या घालत, एका जागी फडफडत थांबत आणि सूर मारत. एक सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा शटर ठेवून, पांढऱ्या पोटावरचा तपशील जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं खाली घेऊन, सगळ्यांना मिळालेले हे फोटो घरट्याच्या फोटोंपेक्षा कितीतरी जिवंत होते.

सकाळी उलट. सूर्य समोर, पक्षी काळ्या आकृत्या, गाळाला पडलेल्या भेगांत सोनेरी कडा, वारा नसल्यामुळे पाणी स्थिर. ही वेळ रुंद लेन्सची. कॉलेजातल्या मुलीनं या वेळी काढलेला एक फोटो माझ्या मते हंगामातला सर्वोत्तम. खाली भेगाळलेला काठ, मध्ये पाण्याचा पट्टा, त्यावर बेटाची बारीक रेघ आणि रेघेवर ठिपक्यांसारखी वसाहत. तो पाहून कळतं की ही पाखरं किती थोड्या जागेवर भिस्त ठेवून आहेत. जवळच्या फोटोत ते कधीच दिसलं नसतं.

एक गोष्ट मधेच बदलावी लागली. वनखात्याच्या परवानगीनं कन्नड आणि मराठीत एक फलक केला होता, सुरयाच्या चित्रासह, आणि तो डांबरी रस्त्यावर लावला. दोन-तीन दिवसांत पुतण्यानं सांगितलं, फलक वाचूनच लोक गाडी थांबवायला लागलेत. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही आता कळत होतं. फलक उचलून बांधाच्या आतल्या टोकाला नेला, जिथं पोचलेल्या माणसाला जागा माहीतच असते, आणि त्यावरचं चित्र काढून फक्त ‘इथून पुढे जाऊ नये’ आणि वेळ एवढंच ठेवलं.

निष्पत्ती

मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुरयांची पिल्लं बेटभर फिरायला लागली होती. धोका वाटला की ती दबून बसतात आणि मातीत मिसळून जातात. बेटावर पाय ठेवायचा नाही हा नियम या टप्प्यावर अंड्यांपेक्षाही जास्त महत्त्वाचा होता. वरच्या भागातल्या बऱ्याच जोड्यांची पिल्लं उडाली. महिनाअखेरीस ती काठावरच्या दगडांवर बसून आईबापांकडे मासा मागताना सगळ्यांनी पाहिली.

खालच्या उतारावरच्या पाणभिंगऱ्यांचं तसं झालं नाही. वळवाचा एक जोरदार पाऊस झाला, ओढ्याचं पाणी गाळावरून पसरलं आणि तिथली घरटी गेली. यात माणसाचा हात नव्हता. पण पहिल्या रविवारी गाड्यांमुळे ज्या जोड्यांची अंडी गेली आणि ज्यांनी नंतर पुन्हा घातली, त्यांची उशिराची घरटीच या पावसात सापडली असणं शक्य आहे. पहिल्या खेपेला ती टिकली असती तर पावसाआधी पिल्लं पायावर उभी राहिली असती.

एका रात्री कुंपणाच्या दक्षिण टोकाला पाणी हटलं आणि कुत्री आत गेली. सकाळी पिसं आणि पाऊलखुणा होत्या. किती पिल्लं गेली ते मोजायला आत गेलो नाही. मोजणीसाठी बेट तुडवणं हाही त्रासच.

बाहेरून लोक येतच राहिले, पण पुतण्या, दगड आणि वेळेची मर्यादा यांनी बराच फरक पडला. कुणी हुज्जत घातली की तो लेन्सकडे बोट दाखवून विचारी, “आता दहा वाजता फोटो येतोय काय? बघा लावून.” लोक लावून बघत, थरथर बघत आणि परत जात. कायद्याचा धाक त्याला क्वचितच दाखवावा लागला.

कॉलेजातल्या मुलाकडे अंड्यांना सावली देणाऱ्या सुरयाचा, पहिल्या आठवड्यात काढलेला एक फोटो होता. स्पर्धेत बक्षीस मिळवील असा. त्यानं तो पाठवला नाही. गटाचा नियम होता म्हणून, आणि अनेक स्पर्धाही आता घरट्याचे फोटो घेत नाहीत म्हणून. त्याला वाईट वाटलं, ते त्यानं लपवलंही नाही. त्याचा मला आदर वाटतो.

पुढच्या वेळी वेगळं काय

पहिला निर्णय सर्वांत निर्णायक होता आणि तो घेतला गेला एकट्या मुलाकडून, पाच मिनिटांत, मोबाईलवर. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गटाकडे तोवर काही नियमच नव्हता. आता आहे. उन्हाळ्यात जमिनीवर घरटं करणाऱ्या कुठल्याही पक्ष्याचा फोटो जूनच्या आत बाहेर जात नाही, आणि जातो तेव्हा फक्त तालुका. फोटो दुसऱ्या कुणीतरी फक्त मागच्या दृश्यासाठी तपासायचा. डोंगराची कड, मनोरा, शिखर, पूल, धरणाची भिंत. स्थळाची माहिती काढून टाकली की काम झालं असं समजणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती निघून जाते, पण मूळ दर्जा राहावा म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच राहते, आणि छायाचित्रकार एकमेकांना नेमकं तसंच पाठवतात.

दुसरं, गावाशी बोलणं भांडणानंतर झालं. ते फेब्रुवारीत, बेटं वर यायच्या आधी व्हायला हवं. आप्पांना मान कुठे उघडी पडणार हे आधीच ठाऊक होतं. मार्चमध्ये विचारलं असतं तर कुंपण घालायची वेळ घरटी होण्यापूर्वीच साधता आली असती आणि पहाटे चोरपावलांनी काम करावं लागलं नसतं.

कुंपणाच्या टोकांचं उत्तर अजून समाधानकारक नाही. रोज मागे जाणाऱ्या पाण्याशी काट्यांची स्पर्धा लावण्यापेक्षा अख्ख्या मानेच्या लांबीभर, पाणी अजून उतरायचं आहे त्या भागातही, आधीच काटे टाकून ठेवावेत अशी आप्पांची सूचना आहे. त्याला मासेमारांची हरकत येऊ शकते, कारण बुडालेल्या काट्यांत जाळी फाटतात. रात्रीची राखण ठेवायची तर वर्गणी पुरत नाही.

पूर्ण बंदी घातली असती तर निकाल वेगळा लागला असता का, यावर गटात आजही एकमत नाही. दुकानदारांचं म्हणणं, आपण बघायची जागा केल्यामुळेच काही लोक आले. ते नाकारता येत नाही. माझं म्हणणं, ती जागा नसती तर आप्पांचा पुतण्या तिथं नसता, आणि बिनराखणीच्या बेटावर कुत्री एका नव्हे तर प्रत्येक रात्री गेली असती. पण जिथं अजून कुणालाच जागा माहीत नाही अशी नवी वसाहत सापडली, तर मी दुकानदारांच्या बाजूनं मत देईन. तिथं काही उभं करू नये, फलक नको, दोरी नको. शेतकऱ्याला आणि वनखात्याला कळवावं आणि आपण लांबून निघून यावं.

मासेमारीचा ठेका जुलैमध्ये बदलला. नव्या ठेकेदाराला पूर्वेकडच्या काठाबद्दल अजून कुणी भेटलेलं नाही. ते काम शिक्षकांनी अंगावर घेतलं आहे. आप्पांनी यंदा भुईमूग बांधाच्या पलीकडे घ्यायचं कबूल केलं आहे, पण तिथं गाळ कमी पडतो, उतारा घटणार हे नक्की. ती तूट कुणी भरायची, हे ठरायचं आहे.